बर्फातला कॅप्टन: १९६४ पासून वाचायचं तर कोणत्या क्रमानं?

अर्धाचहा

कॅप्टन अमेरिका फक्त सिनेमातून माहीत असलेल्यांसाठी हा धागा. सिनेमात मामला सरळ आहे: १९४५ मध्ये विमानासकट बर्फात, २०११ मध्ये बाहेर. कॉमिक्स उघडली की घोळ सुरू. तीन गाठी मुख्य आहेत.

गडी १९४५ ला गोठला, तर १९५४ च्या अंकांमध्ये कम्युनिस्टांना बदडत फिरतोय तो कोण? कॅपची मैत्रीण शॅरन ही त्याच्या युद्धकाळातल्या प्रेयसीची, पेगीची, बहीण की भाची? आणि त्याला ताकद देणारं ते औषध नक्की टोचलं, पाजलं की किरण सोडले?

जाणकारांनी वाचनाचा क्रम अंक-क्रमांकासह द्यावा. 'सगळंच वाचा' असं उत्तर नको. १९४१ पासूनचे अंक शेकड्यांनी आहेत.

निळीशाई

आधी क्रम देते, गाठी नंतर सोडवू.

सुरुवात ॲव्हेंजर्स क्र. ४, मार्च १९६४. लेखन स्टॅन ली, चित्रं जॅक कर्बी. त्याआधी क्र. ३ चाळून घ्या, कारण ४ तिथूनच उचललाय. क्र. ३ मध्ये हल्क आणि नेमॉर एका बाजूला, ॲव्हेंजर्स दुसऱ्या. नेमॉर हरतो आणि चडफडत उत्तरेकडे निघून जातो. तिथे काही लोक बर्फाच्या लादीत गोठलेल्या आकृतीची पूजा करताना दिसतात. हा रागाच्या भरात ती लादी समुद्रात भिरकावतो, लादी उबदार प्रवाहात पोचते, वितळते, आणि पाणबुडीतून जाणाऱ्या ॲव्हेंजर्सना आतला माणूस सापडतो. म्हणजे ज्यानं मोकळं केलं त्याला आपण काय केलं याचा पत्ताच नाही. नेमॉर हा स्वतः त्याच कंपनीचा महायुद्धाच्या काळातला नायक, हे ध्यानात ठेवून ते पान वाचा, जास्त मजा येते.

मग ॲव्हेंजर्स ६ (खलनायक बॅरन झीमो, म्हणजे कॅपचा युद्धातला पोरगेला साथीदार बकी याच्या मृत्यूचा हिशेब), १५ (झीमो मरतो) आणि १६ (जुने मेंबर निघून जातात, कॅपच्या हाती हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच असे तीन डागाळलेले लोक सोपवले जातात). मधले अंक नंतर वाचलेत तरी चालेल.

टेल्स ऑफ सस्पेन्स ५८ मध्ये गैरसमजातून आयर्न मॅनशी हाणामारी, ५९ पासून (नोव्हेंबर १९६४) कॅपची स्वतंत्र मालिका. पण एक सावध सूचना: ६३ ते ७१ या अंकांत कथा पुन्हा महायुद्धात जातात, बकीसकट. नवीन वाचक इथे हमखास गोंधळतो, त्याला वाटतं अंक चुकीचा आणला. तसं नाही. ७२ पासून परत वर्तमानकाळ.

पुढे ७५ आणि ७७ (शॅरन आणि तिच्यामागची युद्धातली ती दुसरी मुलगी, म्हणजे पेगी), ७९ ते ८१ (कॅपचा नाझी शत्रू रेड स्कल परततो, हाती इच्छा पुरवणारा कॉस्मिक क्यूब). ९९ नंतर मासिकाचं नावच बदलतं आणि कॅप्टन अमेरिका क्र. १०० निघतो, एप्रिल १९६८. क्र. १ शोधत बसू नका, तो १९४१ चा आहे. ११७ मध्ये फाल्कन, कॅपचा नवा साथीदार.

त्यानंतर सलग वाचायचे असे तीनच तुकडे: १५३–१५६, १६९–१८३, आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या नव्या क्रमांकाच्या मालिकेतले १ ते १४ (१० वगळून, तो दुसऱ्याच महाकथेला जोडलेला अंक आहे).

टांगापल्टी

क्रम उत्तम. दोन पुरवण्या.

मुखपृष्ठावरचा महिना हा विक्रीचा महिना नव्हे. दुकानदारानं अंक स्टॉलवरून कधी काढायचा त्याची ती तारीख असायची. म्हणून 'मार्च १९६४' चा अंक जानेवारीतच स्टॉलवर होता, आणि हिटलरला ठोसा मारणारा 'मार्च १९४१' चा पहिला अंक २० डिसेंबर १९४० ला. या दोन-अडीच महिन्यांचा हिशेब धरला नाही की लोक भलतीच अनुमानं काढतात. उदाहरणार्थ, तो ठोसा पर्ल हार्बरच्या जवळजवळ एक वर्ष आधीचा आहे. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती.

दुसरं, सस्पेन्समध्ये कॅपच्या कथा एवढ्या तोकड्या का? कारण तो अंक आयर्न मॅनबरोबर अर्धा-अर्धा वाटलेला होता, प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा पानं. तेव्हा मार्व्हलचं वितरण इंडिपेंडंट न्यूज ही कंपनी करायची आणि ती कंपनी होती प्रतिस्पर्ध्याची, डीसीवाल्यांची! महिन्याला साधारण आठच मासिकं काढायची मुभा. म्हणून एका तिकिटात दोन खेळ. ही अट १९६८ च्या आसपास सैल झाली आणि वाटलेली मासिकं फोडून कॅप, आयर्न मॅन, हल्क वगैरेंना एकदम स्वतःची मासिकं मिळाली. क्र. १०० चं रहस्य एवढंच.

अर्धाचहा

वा! पण ६३–७१ वगळलं तर बिघडतं का?

टांगापल्टी

६३ वगळू नका. तुमची तिसरी गाठ तिथेच आहे.

१९४१ च्या मूळ कथेत औषध सुईनं टोचतात. १९६५ मध्ये क्र. ६३ ला तीच कथा परत सांगताना स्टीव्ह ते पितो. मधल्या काळात कॉमिक्स कोड, म्हणजे अंकांत काय दाखवायचं नाही याची नियमावली, आला होता, आणि मुलांच्या अंकात सुई टोचून सुपरमॅन होणारा माणूस दाखवणं अडचणीचं होतं. १९६९ मध्ये क्र. १०९ ला तिसऱ्यांदा कथा सांगितली, तेव्हा व्हायटा-किरण आले. मग १९८१ मध्ये क्र. २५५ नं तिन्ही एकत्र केले: टोचलंही, पाजलंही, किरणही सोडले. भांडण मिटलं.

शास्त्रज्ञाचं नावही असंच. पहिल्या अंकात राइनस्टाइन, नंतर अर्स्किन. राइनस्टाइन हे टोपणनाव होतं असा खुलासा मागाहून.

किरणांचा हा तपशील सजावटीचा समजू नका. १५३–१५६ ची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. घड्याळजी सांगतीलच.

घड्याळजी

बोलावलंत म्हणून आलो.

घोळ आधी नीट मांडतो, कारण तो लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. प्रश्न फक्त १९५४ चा नाही. मूळ कॅप्टन अमेरिका कॉमिक्स युद्ध संपल्यावरही चालू होतं, क्र. ७३ पर्यंत, जुलै १९४९. पुढचे दोन अंक भुताखेतांच्या कथांचे, क्र. ७५ मध्ये तर मुखपृष्ठावर नाव कॅपचं आणि आत कॅपचा पत्ता नाही. १९४८ च्या क्र. ६६ मध्ये बकीला गोळी लागते आणि त्याच्या जागी गोल्डन गर्ल येते. आता १९६४ चा अंक सांगतो की बकी १९४५ मध्येच स्फोटकं भरलेल्या विमानाच्या स्फोटात गेला. मग १९४८ मध्ये गोळी लागली ती कोणाला?

त्यानंतर डिसेंबर १९५३ च्या यंग मेन क्र. २४ मध्ये कॅप परतला, १९५४ मध्ये स्वतःच्या मासिकाचे तीन अंक निघाले, ७६ ते ७८. चित्रं जॉन रोमिटा. खपले नाहीत, बंद. लीनं १९६४ मध्ये हे सगळं सरळ पुसून टाकलं. दहा वर्षांत वाचकांची एक पिढी उलटते, कोण विचारणार, असा साधा हिशेब.

विचारलं ते आतल्या माणसांनी. १९७२ मध्ये रॉय थॉमस संपादक होता, त्यानं कॅपचा लेखक स्टीव्ह एंगलहार्टला सुचवलं की या १९५४ वाल्याचं काहीतरी कर. एंगलहार्टनं केलं ते असं: तो कॅप खोटा नव्हता, दुसरा होता. कॅपच्या भक्तीनं झपाटलेला एक इतिहासाचा शिक्षक. जर्मनीत नाझी कागदपत्रांत त्याला औषधाचं सूत्र सापडतं, तो शस्त्रक्रियेनं चेहरा बदलतो, नावसुद्धा स्टीव्ह रॉजर्स घेतो. जॅक मनरो नावाचा पोरगा त्याचा बकी. दोघांनी औषध घेतलं, पण व्हायटा-किरण नाहीत. ताकद आली, डोकं हळूहळू नासलं. आधी खरे हेर दिसायचे, मग प्रत्येक काळा माणूस आणि प्रत्येक असहमत माणूस हेर दिसायला लागला. सरकारनं दोघांना पकडून गोठवून ठेवलं. १९७२ मध्ये ते बाहेर येतात आणि खऱ्या कॅपच्या समोर उभे राहतात. क्र. १५५ मध्ये तर १९५३ ची जुनी पानंच उचलून वापरली आहेत.

उरली १९४५ ते ४९ ची फट. ती थॉमसनं १९७७ मध्ये व्हॉट इफ क्र. ४ मध्ये बुजवली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमननं आधी स्पिरिट ऑफ सेव्हन्टीसिक्स म्हणजे विल्यम नॅसलंडला, आणि तो मेल्यावर पेट्रियट म्हणजे जेफ मेसला तो पोशाख दिला. म्हणजे एकूण चार: रॉजर्स, नॅसलंड, मेस आणि तो शिक्षक. मासिकाचं नाव 'असं झालं असतं तर', पण हा अंक मात्र 'असंच झालं' म्हणून धरतात. हाही एक सापळा.

झणझणीत

थोडक्यात, भाऊसाहेबांचा तोतया!

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या मरणाबद्दल लोकांची खात्री पटेना, आणि १७७६ मध्ये एका तोतयानं कोकणात किल्ले ताब्यात घेण्यापर्यंत मजल मारली. युद्धात हरवलेला वीर परत येईल ही आशा शिल्लक असली की तोतया येतोच. १९६३ च्या स्ट्रेंज टेल्स क्र. ११४ मध्ये आधी तोतया कॅपच आणला होता, ॲक्रोबॅट नावाचा चोर. शेवटच्या चौकटीत वाचकांनाच विचारलंय की खऱ्याला परत आणू का. पत्रं आली, चार महिन्यांनी खरा आला. बाजारपेठेची चाचणी तोतयावर केली म्हणायचं.

निळीशाई

हे आवडलं. पण फरक आहे. भाऊंचा तोतया खोटा होता हे सिद्ध झालं तेव्हा प्रकरण मिटलं. एंगलहार्टचा शिक्षक खोटा ठरत नाही, म्हणूनच तो डोक्यातून जात नाही. दोघंही गोठले, दोघंही जागे झाले. एकाला बदललेलं जग बघून वाईट वाटतं, दुसऱ्याला संताप येतो. फाल्कन हा काळा माणूस कॅपचा बरोबरीचा साथीदार आहे, हे बघून शिक्षकाचं टाळकं सरकतं. 'जुन्या काळचा देशभक्त आज जागा झाला तर' या प्रश्नाची दोन उत्तरं एकाच अंकात, एकाच चेहऱ्याची. कल्पना लीची नव्हे, खरं पुनरुज्जीवन १९७२ चं आहे असं माझं मत.

झणझणीत

१००% असहमत.

क्र. ४ परत बघा. कॅप न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरतो. ॲव्हेंजर्स तिकडे एका परग्रहवासीयाच्या शस्त्रानं दगड झालेत, हा एकटाच शहरात फिरतो. संयुक्त राष्ट्रांची इमारत दिसते, ती त्याच्या काळात नव्हती. एक पोलीस त्याला ओळखतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मग हॉटेलच्या खोलीत रिक जोन्स, ॲव्हेंजर्सचा पोरगेला दोस्त, येतो आणि कॅप त्याला बकी समजून हाक मारतो. चार-पाच चौकटींत काम झालं. परकं जग दाखवायला यंत्रं, गाड्या, रॉकेटं लागली नाहीत. एक इमारत, एक रडणारा पोलीस आणि एक चुकीची हाक पुरली.

घड्याळजी

त्या पोलिसाकडेच बोट दाखवतो, कारण तुमच्या दोघांच्या भांडणाची किल्ली तिथे आहे. तो रडू शकतो, कारण लहानपणी त्यानं कॅपबद्दल ऐकलंय. अंतर फक्त १९ वर्षांचं. १९६४ मध्ये युद्धातले शिपाई चाळिशीत होते, आयझेनहॉवर जिवंत होते, पहिला अंक दहा सेंटला विकत घेतलेली पोरं बाप झाली होती. कॅपला जग अनोळखी नव्हतं, तो एकटा तरुण राहिला होता आणि त्याचा दोस्त मेला होता. ती कथा दुखवट्याची आहे.

सिनेमात अंतर ६६ वर्षांचं झालं. ओळखीचं जवळपास कोणीच नाही, पेगी म्हातारी होऊन अंथरुणाला खिळलेली. २०११ च्या सिनेमात त्याला फसवायला केलेली खोली जुन्या धाटणीची, रेडिओवर बेसबॉलचा सामना, आणि हा ओळखतो की सामना मे १९४१ चा आहे, कारण तो तिथे हजर होता. इथे गोष्ट दुखवट्याची उरत नाही, गहाळ झालेल्या आयुष्याची होते. २०१४ च्या सिनेमातली ती यादीची वही आठवा, काय-काय बघायचं राहिलं त्याची. देशोदेशी दाखवलेल्या प्रतींमध्ये त्या यादीतल्या नोंदी बदललेल्या आहेत.

गंमत अशी की गोठण्याचं टोक पक्कं आहे आणि जागं होण्याचं सरकतं. हिटलरशी लढला म्हणजे १९४५ हलवता येत नाही. पण मार्व्हलमध्ये 'आज' कायम आजच असतो आणि ॲव्हेंजर्सची स्थापना नेहमी 'दहा-पंधरा वर्षांपूर्वी' झालेली असते. त्यामुळे दर वर्षी कॅपची झोप आपोआप एक वर्षानं वाढते. आयर्न मॅनचं असं होत नाही: त्याचं मूळ व्हिएतनाममधलं, ते उचलून नंतरच्या निराळ्याच युद्धात ठेवलं. कॅपचं युद्ध बदलणं शक्य नाही.

शॅरन-पेगीची गाठ इथेच सुटते. १९६६ मध्ये युद्धातली मुलगी ही शॅरनची मोठी बहीण म्हणून ठीक होती; वीसेक वर्षांचं अंतर, जमतं. काळ सरकला तशी बहीण आत्या झाली. कोणी चूक केली नाही, कॅलेंडरनं नातं बदललं.

बाकीच्यांनाही काहीतरी खुलासा द्यावा लागला. निक फ्युरीला वय न वाढण्याचं औषध, रेड स्कलला बर्लिनच्या खंदकात गाडून वायूनं टिकवलेला, नेमॉरचं अर्धं रक्त अटलांटिसचं म्हणून तो म्हातारा होत नाही, बकीला (तो मेलाच नव्हता, हे २००५ च्या मालिकेत उघड होतं) तर मोहिमा सोडून उरलेला सगळा काळ बर्फात. युद्धातला माणूस वर्तमानात हवा तर त्याचं वय कुठेतरी थांबवावंच लागतं.

झणझणीत

मला अजूनही १९६४ च भारी वाटतो, पण 'अंतर बदललं की कथेची जात बदलते' हे मान्य.

आणि बघा, त्याच मार्च १९६४ मध्ये आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक आला, वेताळाचा. वेताळाला वयाचा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण बाप मेला की पोरगा मुखवटा घालतो. एकविसावा वेताळ. ली फॉकनं तो तिढा १९३६ मध्येच वारसाहक्कानं सोडवून ठेवला होता. मार्व्हलला बर्फ लागला.

सोनचाफा

बर्फाच्या आधी आपल्याकडे गुहा होती हो. मुचकुंद!

देवांच्या बाजूनं असुरांशी लढला. कार्तिकेय सेनापती मिळाल्यावर देव म्हणाले, आता तू थांब. पण एवढ्यात त्याची बायकापोरं, मंत्री, प्रजा सगळी काळानं नेलेली. त्यानं वर मागितला झोपेचा. पुढे कृष्ण कालयवनाला चकवून त्याच गुहेत आणतो, यवन झोपलेल्याला लाथ मारतो आणि त्याच्या नजरेनं भस्म होतो. भागवताच्या दशम स्कंधात आहे. मला आवडतं ते त्यानंतरचं: मुचकुंद बाहेर येतो तर माणसं, जनावरं, झाडं, सगळं खुजं झालेलं. त्यावरून तो ओळखतो की कलियुग लागलं, आणि सरळ उत्तरेला तपाला निघून जातो.

कॅपला कोणी तपाला जाऊ देत नाही. अंक दर महिन्याला काढायचा असतो.

निळीशाई

सोनचाफा, __/\\__

पण कॅपही दोनदा निघून जायचा प्रयत्न करतो. १७५ मध्ये (जुलै १९७४) गुप्त संघटनेचा म्होरक्या पळत पळत व्हाइट हाउसमध्ये शिरतो आणि तिथेच स्वतःला संपवतो. चेहरा वाचकाला दाखवलेला नाही. निक्सननं राजीनामा दिला ९ ऑगस्टला. १७६ मध्ये कॅप पोशाख उतरवतो, १८० मध्ये नोमॅड नावानं फिरतो, १८३ ला परततो. दुसऱ्यांदा १९८७ मध्ये क्र. ३३२: सरकारी समिती म्हणते हे नाव आणि ढाल आमची, आमच्या हुकमानं काम कर. तो राजीनामा देतो, जॉन वॉकर कॅप होतो, ३५० ला परत अदलाबदल.

पै_पाव्हणा

समितीचा विषय निघाला म्हणून पगाराचं सांगतो. १९८५ च्या सुमाराला लेखक मार्क ग्रुनवाल्डनं कॅपला गोठलेल्या काळाचा थकलेला पगार मिळवून दिला, जवळजवळ दहा लाख डॉलर. ही रक्कम कितपत पटते?

१९४२ च्या वेतन कायद्यानं साध्या शिपायाला महिना ५० डॉलर, कॅप्टनला २०० मूळ वेतन. मूळ कथेत स्टीव्ह छावणीत शिपाई आहे, 'कॅप्टन' हे पोशाखाचं नाव. १९४५ ते १९६४ म्हणजे साधारण २२८ महिने. शिपायाच्या दरानं ११,४०० डॉलर, कॅप्टनच्या दरानं ४५,६००. पगारवाढी, भत्ते, व्याज कितीही ओढूनताणून धरलं तरी दहा लाख गाठायला घाम फुटेल. सिनेमाची ६६ वर्षं घेतली तर ७९२ महिने गुणिले २००, १,५८,४००. तिथे मात्र वाढत्या वेतनश्रेण्या धरल्या की आकडा लाखांमध्ये सहज जातो.

खरी अडचण निराळीच आहे. मार्च १९४२ च्या बेपत्ता व्यक्तींच्या कायद्याप्रमाणे बेपत्ता सैनिकाचा पगार खात्यात जमा होत राहतो, पण बारा महिन्यांनी प्रकरण तपासून 'मृत मानावा' असा निर्णय खातं देऊ शकतं. तो दिला की पगार बंद. माणूस जिवंत निघाला तर पुढची वर्षं धरायची का, हा वाद कारकुनांचा. ग्रुनवाल्डनं कारकुनांना उदार दाखवलंय. दोन वर्षांनी त्याच सरकारनं मानगूट पकडली, ते मात्र अगदी वास्तववादी.

मिठागर

गोठण्याबद्दल कोणी बोललंच नाही.

लोकांचा समज: पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं, म्हणून पेशी फुटतात. अर्धसत्य आहे. हळू गोठवलं तर बर्फ आधी पेशींच्या बाहेर धरतो. बर्फात मीठ जात नाही, त्यामुळे उरलेलं पाणी खारट होत जातं आणि ते पेशीतलं पाणी ओढून घेतं. पेशी सुकून मरते. झटकन गोठवलं तर पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि पेशीच्या आतच स्फटिक होतात. दोन्हीकडून मरण.

उत्तर अमेरिकेतला एक रानबेडूक यातून वाचतो. बर्फ लागताच त्याचं यकृत रक्तात भरमसाट ग्लुकोज सोडतं, त्यामुळे पेशी सुकत नाहीत. अंगातलं जवळपास दोन तृतीयांश पाणी गोठतं, हृदय थांबतं, वसंतात परत सुरू. कॅपच्या औषधानं रक्तात स्फटिक होऊ दिले नाहीत, हा कॉमिक्सचा खुलासा त्याच अंगानं जातो, म्हणजे तेवढा भाग अगदीच थाप नाही.

थाप आहे वितळण्यात. बीजांडं, भ्रूण उणे १९६ अंशांवर टिकतात, कारण ते इतके लहान असतात की उष्णता सगळीकडून एकदम आत-बाहेर होते. माणसाएवढा देह उबदार समुद्रात टाकला तर कातडी वितळते आणि गाभा दगड राहतो. वर पेशींना प्राणवायू हवा, आणि हृदय अजून बर्फात. शिवाय वितळताना अर्धवट तापमानात छोटे स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात, ताणानं तडे जातात. म्हणून संशोधकांचा भर आतून-बाहेरून एकसारखं तापवण्यावर आहे. मिनेसोटा विद्यापीठात उंदरांची मूत्रपिंडं शंभर दिवसांपर्यंत काचेसारख्या अवस्थेत ठेवून, त्यांत भरलेल्या लोहाच्या सूक्ष्म कणांना चुंबकीय क्षेत्रानं तापवून परत बसवली आणि ती चालली. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदराचं मूत्रपिंड, लक्षात घ्या.

न गोठता नुसतं गार पडणं वेगळं. नॉर्वेत १९९९ मध्ये बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेल्या एका बाईच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांवर उतरलं होतं, तरी ती वाचली. पण तिला यंत्रानं रक्त शरीराबाहेर काढून, तापवून परत सोडत तासन्‌तास उब दिली. पाणबुडीत नेऊन अंग पुसलं आणि उठला, असं नसतं.

अर्धाचहा

तीनही गाठी सुटल्या, वर पगारही कळला. शेवटचे दोन प्रश्न. विकत काय घ्यावं, आणि २००५ च्या मालिकेआधी काय वाचलं नाही तर अडेल?

टांगापल्टी

विकत: 'कॅप्टन अमेरिका लिव्ह्ज अगेन' या एपिक कलेक्शनच्या जाड पुस्तकात ॲव्हेंजर्स ४ आणि सस्पेन्समधल्या कॅपच्या बहुतेक कथा आहेत, आयर्न मॅनची पानं वगळून. एवढं एक पुस्तक सुरुवातीला पुरे. बाकी सुटे तुकडे मार्व्हल अनलिमिटेडवर वाचता येतात. तिथे शोधताना वर्ष टाका, नुसतं 'कॅप्टन अमेरिका क्र. १' शोधलंत तर दहा वेगवेगळे पहिले अंक येतील.

जुना मूळ अंक म्हणून कोणी ॲव्हेंजर्स ४ विकत असेल तर आधी मुखपृष्ठावरची किंमत बघा. १९६६ मध्ये गोल्डन रेकॉर्ड कंपनीनं तबकडीबरोबर याच अंकाचं पुनर्मुद्रण वाटलं होतं. चित्र तेच, कागदही जुनाच दिसतो, पण १२ सेंटची किंमत छापलेली नाही. कोपरा फाटलेला किंवा त्यावर चिकटपट्टी असेल तर व्यवहार सोडून द्या. 'फोटोत नीट दिसत नाही' हे उत्तरही नाही समजा.

निळीशाई

२००५ आधी १५३–१५६ वाचलंच पाहिजे. त्या मालिकेतला क्र. ७ हा संपूर्ण अंक जॅक मनरोच्या मरणावर आहे, म्हणजे १९५० च्या दशकातल्या त्या दुसऱ्या बकीच्या. तो कोण हे माहीत नसेल तर अंक नुसता कंटाळवाणा वाटतो. माहीत असेल तर कळतं की एका बकीनं दुसऱ्या बकीला मारलंय.

आणि एक अंक उलट्या क्रमानं वाचा. विंटर सोल्जर, म्हणजे २००५ च्या मालिकेतली बकी परतण्याची कथा, संपला की ॲव्हेंजर्स ४ पुन्हा काढा आणि स्फोटाची ती दोन-तीन चित्रं बघा. विमान फुटतं, कॅप पाण्यात पडतो. बकीचं प्रेत कुठेही काढलेलं नाही.

झणझणीत

ट्रुथ राहिलं की. २००३, रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर, सात अंक. रॉजर्सनंतर औषधाचं सूत्र परत जुळवायला काळ्या सैनिकांवर प्रयोग केले, त्यातून उरलेला आयझेया ब्रॅडली. तेही १५३–१५६ नंतरच घ्या. चार कॅप मोजून झाल्यावर पाचवा मोजायला बसलं की आकडा वेगळा लागतो.

अर्धाचहा

म्हणजे ४, ६३, १५३–१५६, ट्रुथ, मग २००५. ठरलं. १०९ आणि २५५ औषधाच्या हिशेबासाठी बाजूला ठेवतो.

टांगापल्टी

२५५ बाजूला नको, २४७ पासून सलग घ्या. रॉजर स्टर्न आणि जॉन बर्न, नऊच अंक आहेत. २५० मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं करायला निघतात.